विस्तृत क्षेत्र जालावरील सर्व्हरची संवादगती : दरेकसा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे महाराष्ट्राच्या पूर्व सीमेलगतचे गाव होय. मुंबई-हावडा लोहमार्गावरील या स्थानकानंतर येणारे बोरतलाव स्थानक छत्तीसगड राज्यात आहे. हाजरा धबधबा आणि कचारगडच्या गुंफा यांमुळे हा परिसर पर्यटकांना व गोंड समाजाच्या भाविकांना परिचित आहे. डोंगर, दाट जंगल आणि विरळ वस्ती ही येथील भौगोलिक वैशिष्ट्ये. येथील रहिवाशाचे शासकीय व शैक्षणिक व्यवहार मात्र गेल्या दोन दशकांत हळूहळू संगणकजालावर गेले आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज, विद्यापीठाचा परीक्षा अर्ज, रास्तभाव दुकानातील ई-पॉस यंत्रावर द्यावयाचा अंगठा, हमीभावाने धान विकण्यासाठीची नोंदणी, यांपैकी प्रत्येक व्यवहाराचे दुसरे टोक शेकडो किलोमीटर दूर असलेल्या एखाद्या सर्व्हरशी बांधलेले असते.

या व्यवहारांत सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य म्हणजे 'सर्व्हर डाऊन आहे' हे होय. एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी आलेल्या पालकास हे वाक्य ऐकून परत जावे लागते, तेव्हा तो प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. तथापि बहुतेक वेळा सर्व्हर बंद पडलेला नसतो. तो चालू असतो, इतकेच नव्हे तर पुष्कळदा निष्क्रिय बसून दूरच्या टोकाकडून येणाऱ्या पोचपावतीची वाट पाहत असतो. अशा वेळी संस्थांच्या खरेदी समित्या सहसा एकच उपाय सुचवितात, तो म्हणजे अधिक बँडविड्थ विकत घेणे. हा उपाय अनेकदा निष्फळ का ठरतो आणि सर्व्हरच्या बाजूने कोणते बदल केले असता दरेकसासारख्या टोकावरील वापरकर्त्यास खरा लाभ होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अंतर व विलंब

विस्तृत क्षेत्र जाल आणि एका इमारतीतील स्थानिक जाल यांतील मूलभूत फरक विलंबाचा आहे. काचतंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. दरेकसा ते मुंबई हे लोहमार्गाने सुमारे एक हजार किलोमीटर अंतर धरल्यास, एका दिशेने ५ आणि जाऊन-येऊन १० मिलिसेकंद हा निसर्गानेच घातलेला किमान विलंब होय. प्रत्यक्षात तंतूंचे वळणावळणाचे मार्ग, मधले राउटर आणि शेवटच्या टप्प्यावरील मोबाईल मनोरा यांमुळे तो कित्येक पटींनी वाढतो. सर्व्हर अमेरिकेत असेल तर हाच फेरा २०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. महाविद्यालयांची अनेक संकेतस्थळे स्वस्त दरामुळे परदेशी यंत्रांवर ठेवली जातात, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी.

उपग्रहाचा मार्ग याहून दीर्घ आहे. भारतनेट योजनेतही ज्या दुर्गम ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेणे कठीण होते, त्यांपैकी काहींना उपग्रहाद्वारे जोडण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येण्यास सुमारे २४० मिलिसेकंद लागतात आणि त्याचे उत्तर परत येण्यास तितकेच. म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद केवळ अंतराळप्रवासात खर्ची पडतो. यंत्रणेतील इतर विलंब धरता हा फेरा ६०० मिलिसेकंदांच्या आसपास जातो. पुढील उदाहरणांत हाच आकडा घेतला आहे.

बँडविड्थ वाढविल्याने हा फेरा कमी होत नाही. नळ रुंद केला म्हणून विहीर जवळ येत नाही.

'लाइन क्लिअर'चे तत्त्व

संगणकजालावरील बहुसंख्य व्यवहार टीसीपी या संवादनियमाने चालतात. त्यातील 'विंडो' ही संकल्पना समजून घेण्यासाठी दरेकसा स्थानकाइतके सोयीचे उदाहरण दुसरे मिळणार नाही. रेल्वेच्या पारंपरिक ब्लॉक पद्धतीत एक गाडी सोडल्यानंतर ती पुढील स्थानकावर पोहोचल्याची खूण येऊन 'लाइन क्लिअर' मिळाल्याखेरीज त्याच मार्गावर दुसरी गाडी सोडता येत नाही. रूळ कितीही उत्तम असले, इंजिन कितीही शक्तिशाली असले, तरी दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी. स्वयंचलित सिग्नल पद्धतीत तेच अंतर लहान भागांत विभागले जाते आणि एकामागोमाग अनेक गाड्या मार्गावर राहू शकतात. रूळ तेच राहतात, वाहतूक मात्र वाढते.

टीसीपीची विंडो म्हणजे पोचपावती येण्यापूर्वी मार्गावर सोडता येणाऱ्या माहितीचे कमाल प्रमाण होय. मूळ नियमात या आकड्यासाठी १६ बिटांचीच जागा होती. त्यामुळे ६५,५३५ बाइटांहून अधिक माहिती एका वेळी मार्गावर राहू शकत नसे. आता ६०० मिलिसेकंदांच्या फेऱ्याचा विचार करावा. प्रत्येक फेऱ्यात फार तर ६५,५३५ बाइट, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.८७ मेगाबिट. संस्थेने १० मेगाबिटांची जोडणी घेतली असली तरी एका संवादास ०.८७ मेगाबिटांहून अधिक गती मिळणे अशक्य. २० मेगाबिटांची घेतली, तरी आकडा तोच. याउलट १० मेगाबिटांची ही वाहिनी पूर्ण भरण्यासाठी १० मेगाबिट गुणिले ०.६ सेकंद, म्हणजे साडेसात लाख बाइट मार्गावर असावे लागतात. या गुणाकारास बँडविड्थ-विलंब गुणाकार असे म्हणतात. विस्तृत क्षेत्र जालावरील सर्व्हरची जुळवणी करणाऱ्याने सर्वप्रथम हा गुणाकार करावयास हवा.

या मर्यादेवर १९९२ मध्ये 'विंडो स्केलिंग' हा तोडगा प्रमाणित करण्यात आला. आज लिनक्स तसेच विंडोज सर्व्हर २००८ व त्यापुढील आवृत्त्या विंडोचा आकार परिस्थितीनुसार आपोआप वाढवितात. मग अडचण कोठे येते? अडचणी दोन ठिकाणी आढळतात. स्केलिंगचा करार संवाद सुरू होतानाच दोन्ही टोकांत व्हावा लागतो. मधली एखादी जुनी फायरवॉल तो पर्याय गाळून टाकत असेल, तर दोन्ही संगणक सक्षम असूनही मर्यादा कायम राहते. दुसरे म्हणजे एखादा प्रोग्रामर सद्हेतूने आपल्या प्रणालीत बफरचा आकार स्वतःच ठरवून देतो. लिनक्समध्ये असे केल्याबरोबर त्या जोडणीपुरते स्वयंचलित समायोजन थांबते. सुधारणेसाठी लिहिलेली ओळच अडसर बनते. सर्व्हरच्या बफरची कमाल मर्यादा गुणाकाराहून मोठी ठेवणे आणि प्रणालीतील असे निश्चित आकडे काढून टाकणे, हे काम खर्चाचे नाही, फक्त ते कोणीतरी करावे लागते.

मंद प्रारंभ आणि गहाळ पाकिटे

विंडो मोठी असली तरी टीसीपी प्रारंभीच ती पूर्ण वापरत नाही. यामागे इतिहास आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली संकुल यांच्यामधील जोडणीची गती सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर घसरली. दोन्ही ठिकाणांत अंतर होते केवळ ४०० यार्ड. प्रत्येक संगणक गहाळ झालेली पाकिटे पुन्हा पुन्हा पाठवीत होता आणि त्यामुळे गर्दी वाढतच होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर उपाय मांडला. थोड्या पाकिटांनी सुरुवात करावी, पोचपावत्या येतील तसतसे प्रमाण दुप्पट करीत जावे आणि पाकीट गहाळ झाल्यास गर्दी झाली असे समजून माघार घ्यावी. आजचे आंतरजाल याच शिस्तीवर उभे आहे.

दूरच्या टोकासाठी मात्र या शिस्तीची किंमत मोठी असते. २०० किलोबाइटांचे एक पान १,४६० बाइटांच्या १४१ पाकिटांत मावते. प्रारंभ ३ पाकिटांनी झाला, तर ३, ६, १२, २४, ४८ व ९६ असे सहा फेरे लागतात. ६०० मिलिसेकंदांच्या मार्गावर हे ३.६ सेकंद होतात, वाहिनी जवळजवळ रिकामी असतानाही. २०१३ मध्ये प्रारंभीची मर्यादा १० पाकिटांपर्यंत नेण्याची शिफारस झाली. त्यानुसार चार फेऱ्यांत, म्हणजे २.४ सेकंदांत तेच काम होते. तेच पान सर्व्हरने संकुचित करून ४० किलोबाइटांचे केले, तर दोन फेरे पुरतात. हे आकडे आदर्श स्थितीतले आहेत. पोचपावत्या उशिरा देण्याच्या प्रथेमुळे प्रत्यक्षातील वाढ थोडी संथ असते.

जंगलभागात आणखी एक अडचण संभवते. बिनतारी मार्गावर पाकीट गहाळ होण्याचे कारण गर्दीच असते असे नाही. झाडी, पाऊस, अशक्त सिग्नल यांमुळेही ते हरवते. जुन्या पद्धतीचा टीसीपी मात्र प्रत्येक गहाळ पाकिटाचा अर्थ गर्दी असाच लावतो आणि गती कमी करतो. १९९७ मध्ये मॅथिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्रानुसार १०० मिलिसेकंदांच्या मार्गावर शंभरात एक पाकीट हरवत असेल, तर एका जोडणीची गती सुमारे १.४ मेगाबिटांवर अडकते. दहा हजारांत एक हरवत असेल, तर ती सुमारे १४ मेगाबिटांपर्यंत जाऊ शकते. गुगलने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली बीबीआर ही पद्धत गहाळ पाकिटांऐवजी मार्गाची प्रत्यक्ष वहनक्षमता व किमान विलंब मोजून गती ठरविते. लिनक्स सर्व्हरवर ती एका संरचनाबदलाने सुरू करता येते आणि वापरकर्त्याच्या मोबाईलमध्ये काहीही बदलावे लागत नाही. सामायिक मार्गावर ती इतर संवादांशी नेहमीच न्यायाने वागते असे नाही, हा आक्षेप अभ्यासकांनी नोंदविला असून तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

प्रश्नोत्तरांची संख्या

वरील सर्व जुळवणी करूनही एखादी प्रणाली मंदच राहते. याचे कारण बहुधा तिच्या रचनेत दडलेले असते. कार्यालयातील स्थानिक जालावर तयार केलेली प्रणाली एक नोंद दाखविण्यासाठी माहितीकोशास दोनशे लहान प्रश्न विचारीत असेल, तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या फेऱ्यावर ते काम एक दशांश सेकंदात उरकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तीच प्रणाली ५० मिलिसेकंदांच्या मार्गावरून वापरली की दहा सेकंद लागतात. ६०० मिलिसेकंदांवर पूर्ण दोन मिनिटे. प्रत्येक प्रश्न जेमतेम शंभर बाइटांचा असल्याने बँडविड्थचा येथे काडीमात्र संबंध नाही.

चाचणी करणारा अभियंता सर्व्हरच्या शेजारच्या खोलीत बसतो आणि वापरणारा सालेकसा तालुक्यात, हेच या दोषाचे मूळ म्हणता येईल. लिनक्समध्ये कृत्रिम विलंब निर्माण करण्याची सोय कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे. प्रणाली स्वीकारण्यापूर्वी ती ६०० मिलिसेकंद विलंब आणि एक टक्का गहाळ पाकिटे अशा स्थितीत चालवून दाखविण्याची अट निविदेत घालणे कोणत्याही महाविद्यालयास शक्य आहे. उपाय म्हणून माहितीकोशाशी बोलणारा प्रोग्राम माहितीकोशाच्या शेजारीच ठेवावा, दोनशे प्रश्नांचा एक प्रश्न करावा आणि दूरच्या मार्गावरून केवळ अंतिम उत्तर पाठवावे.

जोडणी उभारण्याचेही फेरे असतात. टीसीपीचा एक, टीएलएस १.२ या सुरक्षानियमाचे दोन आणि प्रत्यक्ष मागणीचा एक, असे चार फेरे म्हणजे उपग्रहमार्गावर २.४ सेकंद. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये यांतील एक फेरा वाचतो आणि २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या संवादनियमात आणखी एक. एकदा उभारलेली जोडणी काही काळ उघडी ठेवणे हा त्याहून साधा उपाय होय. अनेक सर्व्हरांवर स्मृती वाचविण्याच्या हेतूने ही मुदत दोन-तीन सेकंदांवर आणलेली असते. वापरकर्ता अर्जाचा पुढचा रकाना भरेपर्यंत जोडणी तुटते आणि सारे फेरे नव्याने सुरू होतात.

मराठी मजकुराचे वजन

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत एक बाब क्वचितच विचारात घेतली जाते. यूटीएफ-८ या सर्वमान्य संकेतपद्धतीत रोमन अक्षरास एक बाइट पुरतो, तर देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हास तीन लागतात. 'दरेकसा' या शब्दात काना-मात्रा धरून सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. रोमन लिपीत तोच शब्द आठ बाइटांत मावतो. मात्र देवनागरीच्या त्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी सारखा असतो आणि दुसरा दोनच मूल्यांत फिरतो. या पुनरावृत्तीमुळे जीझिपसारख्या संकोचनपद्धतीला मराठी मजकूर फार अनुकूल आहे. सर्व्हरवर संकोचन बंद असल्यास तोटाही अर्थातच मराठी वाचकाचा अधिक होतो.

खरे ओझे मात्र अक्षरांचे नसून चित्रांचे आहे. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआय घनतेने रंगीत स्कॅन केल्यास मूळ चित्र सुमारे २.६ कोटी बाइटांचे होते. संकुचित करूनही ते अनेकदा लाखो बाइटांत राहते. त्याच पानावरील दोन हजार वर्णचिन्हांचा मजकूर यूनिकोडमध्ये सहा हजार बाइटांत बसतो. परिपत्रक टंकलिखित असताना त्याची छापील प्रत काढून, सही-शिक्क्यानिशी स्कॅन करून पुन्हा संकेतस्थळावर चढविण्याची प्रथा शैक्षणिक संस्थांत रूढ आहे. सूचना वाचू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास या प्रथेची किंमत मोजावी लागते.

मुंबई आणि वारणा : दोन अनुभव

कमी गतीच्या मार्गांवर काटकसरीने काम करण्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. १९८६ मध्ये आरंभ झालेल्या अर्नेट या शैक्षणिक संगणकजालात मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा, तसेच आयआयटी मुंबईचा पुढाकार होता. केंद्राचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमणी यांचा २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. या जालाची सुरुवात ई-टपालाच्या साठवा-आणि-पुढे-पाठवा पद्धतीने झाली. १९९२ मध्ये केंद्रातून अमेरिकेकडे जाणारी जोडणी ६४ किलोबिटांची होती. आजच्या एका मोबाईलला अपुरी वाटेल अशा वाहिनीवर देशातील संशोधन संस्थांचा पत्रव्यवहार चालत असे, कारण तातडीचे काय आणि रात्री पाठविले तरी चालेल असे काय, याचा विवेक यंत्रणेतच अंतर्भूत होता.

दुसरा अनुभव वारणा खोऱ्यातील आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. गावोगावी संगणक ठेवून ऊस उत्पादकांना कारखान्याकडील आपली माहिती मिळावी, असा त्यामागील उद्देश होता. पुढे संशोधकांनी सात गावांत एक प्रयोग केला. संगणकाच्या जागी मोबाईल ठेवून तीच माहिती लघुसंदेशाने मागविता व मिळविता येईल, अशी व्यवस्था केली. शेतकऱ्याला हवे असलेले उत्तर, म्हणजे उसाचे वजन, खताची उचल, बाकी रक्कम, हे मुळात एका लघुसंदेशात मावण्याइतकेच होते. राजेश वीरराघवन, नागा यशोधर व केंटारो टोयामा यांनी लिहिलेला या प्रयोगाचा वृत्तांत प्रणाली-रचनाकारांनी आजही वाचावा असा आहे.

रांगेचा प्रश्न

माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या यात्रेसाठी अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात आणि दरेकसाच्या लहानशा स्थानकावर उतरतात. फलाट कितीही लांब केला, तरी बाहेर पडण्याची वाट अरुंद असेल तर माणसे लवकर बाहेर पडत नाहीत, फक्त अधिक माणसे अधिक वेळ उभी राहतात. राउटरमधील बफरचेही असेच आहे. स्मृती स्वस्त झाली तसे उत्पादकांनी बफर वाढविले, जेणेकरून पाकिटे गहाळ होऊ नयेत. परिणामी पाकिटे हरवत नाहीत, पण सेकंद-दोन सेकंद रांगेत पडून राहतात. जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमारास या दोषाकडे लक्ष वेधले. २०१८ मध्ये दस्तऐवजरूपाने प्रसिद्ध झालेली एफक्यू-कोडेल ही रांगपद्धती प्रत्येक संवादास स्वतंत्र रांग देते आणि फार वेळ पडून राहणारी पाकिटे टाकून देते. महाविद्यालयाच्या बाह्य राउटरवर ही पद्धत असल्यास एका खोलीत चालू असलेल्या चित्रफितीमुळे दुसऱ्या खोलीतील परीक्षा अर्ज अडून राहत नाही.

तुटलेल्या संवादाचे काय?

इतके करूनही दुर्गम टोकाचा संवाद अधूनमधून तुटणारच. सर्वांत मनस्ताप देणारा प्रसंग याच वेळी उद्भवतो. विद्यार्थी परीक्षा शुल्काचे बटण दाबतो, मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचते, रक्कम वळती होते आणि पावती परत येण्यापूर्वीच जोडणी तुटते. विद्यार्थ्याच्या पडद्यावर काहीच दिसत नाही. पुन्हा बटण दाबावे, तर शुल्क दोनदा जाण्याची भीती. न दाबावे, तर अर्ज राहून जाण्याची.

हा दोष जालाचा नसून सर्व्हरवरील प्रणालीचा आहे आणि तो दूर करता येतो. अर्जाचे पान उघडतानाच त्यास एक विशिष्ट क्रमांक द्यावा. त्या क्रमांकाची मागणी पहिल्यांदा आली की सर्व्हरने व्यवहार करून निकाल त्या क्रमांकासह माहितीकोशात नोंदवावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर व्यवहार पुन्हा न करता नोंदविलेला निकालच परत पाठवावा. असे झाल्यास बटण दहा वेळा दाबले तरी शुल्क एकदाच जाते. भरलेला मजकूर वापरकर्त्याच्या यंत्रावर साठवून ठेवावा, म्हणजे सत्राची मुदत संपली तरी तो पुन्हा टंकलिखित करावा लागणार नाही. आणि ही मुदत ठरविताना ती सर्व्हरशेजारच्या खोलीतील घड्याळावर न ठरविता, एक पान येण्यास अर्धे मिनिट लागते अशा ठिकाणी अर्ज भरून पाहून ठरवावी.